पाचशे रुपयांचा फरक : मार्केट यार्डातल्या एका लेखिकेचं प्रकरण

लिहिणारं माणूस लिहायचं थांबतं तेव्हा आपण कारण त्याच्या स्वभावात शोधतो. जिद्द कमी पडली, संसारात अडकली, सुचेनासं झालं. पुढचं प्रकरण मी जवळून पाहिलं आहे, आणि त्यातून माझं मत पक्कं झालं आहे की लिहिणाऱ्याचा टिकाव जिद्दीपेक्षा वाचणाऱ्यांवर जास्त ठरतो. कोण वाचतं, किती लक्ष देऊन वाचतं, आणि पुढच्या आठवड्यात ते पुन्हा भेटतं का. लेखिकेच्या संमतीनं हे लिहितो आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

त्या मूळच्या धाराशिव जिल्ह्यातल्या. लग्नानंतर पुण्यात आल्या, धायरीत राहतात आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका आडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहितात. शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याला जी पट्टी मिळते ती तयार करणं हे त्यांचं काम. किती गोण्या, किती वजन, काय भाव. त्यातून हमाली, तोलाई, मोटारभाडं वजा. खाली हातात पडणारी रक्कम. ती रक्कम वाचून माणूस आधी परतीच्या गाडीची वेळ विचारतो की कोपऱ्यात जाऊन फोन लावतो, यावरून त्याच्या घरची परिस्थिती कळते, असं त्या म्हणतात. त्यांच्या कथा इथूनच सुरू झाल्या.

चार कथा वेगवेगळ्या दिवाळी अंकांत आल्या. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी नव्या लेखकासाठी हा दरवाजा अजून उघडा आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण या दरवाजाची एक अडचण फारशी बोलली जात नाही. तो वर्षातून एकदाच उघडतो. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास साहित्य पाठवायचं, गणपतीच्या आसपास मुद्रितं तपासली जातात, दिवाळीत अंक येतो. पुढचे पंधरा-वीस दिवस दोन-चार फोन येतात. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी काही विचारत नाही. ज्याच्या घरात, नोकरीत, शेजारात लिहिणारं कोणी नाही त्याला वर्षाचे उरलेले अकरा महिने एकट्यानं काढावे लागतात. या बाईंनी ते काढले, आणि त्या काळात एक कादंबरीही पूर्ण केली. तोलणार बायकांच्या दोन पिढ्यांची, दोनशेच्या वर पानांची.

काय घडलं

कादंबरी तीन ठिकाणी गेली. पहिल्या प्रकाशकाकडून पोच आली आणि नंतर काहीच आलं नाही. दुसऱ्यानं कौतुक करून साठ हजार रुपयांची तयारी आहे का, असं विचारलं. तिसऱ्यानं वाचली होती, हे नक्की. पण संवादांची भाषा ‘जरा नीट’ करून द्या, पुण्या-मुंबईच्या वाचकाला झेपली पाहिजे, असं सांगितलं. त्याच सुमारास एका घरगुती काव्य-कथावाचनाला त्या हिंमत करून गेल्या. वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांनी सर्वांसमोर विचारलं, “ताई, तुम्ही नोकरी कुठे करता?” आणि उत्तर ऐकून, “तरीच!” म्हणाले. लोक हसले.

त्यानंतर त्यांनी वहीच काढली नाही. वर्ष उलटून गेलं.

या चारही प्रसंगांना आपण सरसकट ‘नकार पचवणं’ म्हणतो, आणि सल्लाही एकच देतो : खचू नका. मला हे चुकीचं वाटतं. चारही ठिकाणची इजा वेगळी आहे. पोच देऊन गप्प बसणाऱ्या प्रकाशकानं त्यांना लटकत ठेवलं. त्यावर उपाय व्यवहाराचा आहे. साठ हजार मागणाऱ्यानं त्यांच्या मनात शंका पेरली की कौतुकसुद्धा पैशासाठीच होतं. इथे माहितीची गरज आहे. भाषा नीट करा म्हणणाऱ्यानं कादंबरीच्या मुळावर घाव घातला. तिथे हवा असा कान, ज्याला ती भाषा परकी नाही. आणि हसणाऱ्या खोलीवर उतारा एकच, न हसणारी दुसरी खोली. यातलं काहीही बाईंना एकटीनं, मन घट्ट करून मिळवता आलं नसतं.

पुण्यात साहित्याच्या जागा कमी आहेत म्हणून हे घडलं, असंही नाही. टिळक रोडला महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, गांजवे चौकात एस. एम. जोशी सभागृह आहे, लक्ष्मी रोडला १८४८पासून चालत आलेलं नगर वाचन मंदिर आहे. पण कार्यक्रम रविवारी नाहीतर संध्याकाळी. रविवारी यार्डात सगळ्यात मोठी आवक असते. बाईंचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, संध्याकाळच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहतात तेव्हा त्यांचे डोळे मिटत असतात. शहर साहित्याचं आहे, तरी त्याच्या वेळापत्रकात गाळ्यावर काम करणारी लेखिका कोणी धरलेली नाही.

फोन

थांबण्याच्या आधी पाठवून ठेवलेली एक कथा एका अंकानं उशिरानं घेतली. तिची मुद्रितं तपासायला नारायण पेठेतल्या एका निवृत्त मुद्रितशोधकांकडे गेली. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हातातलं काम सुटलेलं नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

कथेत एक पट्टी होती, आकड्यांसकट छापलेली. कांद्याची एकूण रक्कम १८,४०० रुपये. हमाली ३१०, तोलाई ९५, मोटारभाडं २,९००. खाली निव्वळ रक्कम १४,५९५. कथेतला शेतकरी पट्टी घडी करून खिशात ठेवतो, आणि कथा पुढे जाते.

काकांनी कागदावर बेरीज मांडली. कपात होते ३,३०५. म्हणजे हातात पडायला हवेत १५,०९५. पाचशे रुपये कमी. त्यांनी संपादकांकडून नंबर घेतला आणि बाईंना फोन लावला.

“ताई, पट्टीतला हिशेब चुकलाय की तुम्ही चुकवलाय?”

पलीकडून काही क्षण आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, “मी नाही काका, मालकानं चुकवलाय. त्या शेतकऱ्याच्या ध्यानात येत नाही. कुणाच्याच आलं नाही.”

कथा आधी दोन संपादकांनी नाकारली होती, घरातल्यांनी वाचली होती, अंकाच्या संपादकांनी स्वीकारली होती. पाचशे रुपये कुठे गेले, हे कोणी विचारलं नव्हतं. सगळी कथा त्या पाचशे रुपयांवर उभी होती.

काकांनी कथेची तारीफ केली नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की आकडे जसेच्या तसे ठेवतो, ‘दुरुस्त करू नये’ अशी चिठ्ठी लावतो. आणि शनिवारी दुपारी आमच्या माडीवर चार माणसं जमतात, कोणाचं तरी लिखाण वाचतो, तुम्ही या. फळ-भाजी विभागाला शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते, हे काकांना माहीत नव्हतं. हा निव्वळ योग होता, आणि या प्रकरणात तो निर्णायक ठरला.

शनिवार

जमणारी माणसं अशी. काका. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक, आठवणी लिहिणारे. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी नांदेडकडची मुलगी, जी दोन पेपरांच्या मधे कविता लिहायची. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींतून आलेला, एकांकिका लिहिणारा मुलगा. आणि मी. नाव नाही, फलक नाही, वर्गणी नाही. चहा काकांकडचा, खायला कोणी ना कोणी काही आणतं.

इथल्या पद्धतीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फरक तिनंच पाडला. पहिली गोष्ट त्या नाटकवाल्या मुलानं आणली : ज्याचं लिखाण त्यानं वाचायचं नाही, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. लेखक स्वतः वाचतो तेव्हा अडखळणारं वाक्यही आवाजानं सावरून घेतो. दुसरा वाचतो तेव्हा तो जिथे अडतो ते लेखकाला स्पष्ट ऐकू येतं. नाटकात हे रोजचं आहे, कथा-कादंबरीवाल्यांना माहीतच नसतं.

वाचून झालं की ऐकणाऱ्यांनी आधी काय ऐकलं ते सांगायचं. आवडलं, नाही आवडलं हे नाही. “म्हातारी दोनदा तराजूला हात लावते, पण नातीला लावू देत नाही,” एवढंच. मग प्रश्न. मत शेवटी, आणि लेखकानं मागितलं तरच. “मी असतो तर असं लिहिलं असतं” हे वाक्य या माडीवर चालत नाही. लिखाण नसलं तरी यायचं. नुसतं ऐकायला येणाऱ्यालाही तितकाच मान.

बाई पहिले काही महिने नुसत्या ऐकायला आल्या. कोणी विचारलं नाही, तुमचं कधी? माझ्या मते हा काळ सगळ्यात महत्त्वाचा होता. त्या दुसऱ्यांचं ऐकत होत्या, आणि त्यांचं ऐकणं उपयोगी पडत होतं. वाहककाकांच्या आठवणींत तिकिटांचा हिशेब कुठे जुळत नाही ते त्यांनी दाखवलं. मुलीच्या कवितेत एकच ओळ दोन वेळा वेगळ्या अर्थानं येते हे त्यांच्याच लक्षात आलं. ज्या बाईंना ‘तरीच’ म्हणून हसलं गेलं होतं, त्यांच्या त्याच नोकरीनं घडवलेली नजर इथे कामाला येत होती.

मग एका शनिवारी त्यांनी कादंबरीचं पहिलं प्रकरण आणलं. वाचायला बसले वाहककाका. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी बार्शी-लातूर भागात काढलेली. ते संवाद त्यांच्या तोंडून एकदाही न अडखळता आले. नांदेडची मुलगी मधेच खळखळून हसली, अगदी जिथे हसायला हवं होतं तिथे. भाषा नीट करा, या सूचनेवर आम्ही त्या दिवशी एक अक्षर बोललो नाही. बोलायची गरजच राहिली नाही.

पुढे कठोर बोलणंही झालं. चौथ्या प्रकरणात आई बोलत नाही, लेखिका बोलते आहे, असं नाटकवाल्या मुलानं तोंडावर सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. पण पुढच्या शनिवारी त्या आल्या, आणि पुढे दोन प्रकरणं त्यांनी स्वतःहून काढून टाकली. एका खोलीत ‘तरीच’ ऐकून लिहायचं थांबवणारी बाई इथे यापेक्षा कडक बोल ऐकून टिकली, ती जाड कातडीची झाली म्हणून नाही. बोलणाऱ्यानं आधीची तीन प्रकरणं बसून ऐकली होती, त्याची स्वतःची एकांकिका बाईंनी ऐकली होती, आणि तो पुढच्या शनिवारीही असणार होता.

पाठवणीची वही

गटाला सगळ्यात टिकाऊ गोष्ट बाईंनीच दिली. पोच देऊन गप्प राहणाऱ्या प्रकाशकाचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, “येणं बाकी असलं तर आम्ही वहीत धरतो, मनात नाही.” पुढच्या वेळी त्या आखलेली वही घेऊन आल्या. काय पाठवलं, कुठे, कोणत्या तारखेला, उत्तर कधी अपेक्षित, काय आलं, पुढे कुठे. सगळ्यांचं एकाच वहीत. तीन महिने उत्तर नाही तर एक सभ्य स्मरणपत्र. आणखी महिनाभर नाही तर कळवून दुसरीकडे. नकार आला तर आठवड्याच्या आत ते लिखाण पुढच्या पत्त्यावर जातं.

वही उघडली की दिसतं, मुलीच्या कविता किती ठिकाणांहून परत आल्यात, काकांचा लेखसुद्धा परत आलाय. आपलाच नकार वेगळा आणि कायमचा आहे, हा समज त्या रकान्यांपुढे टिकत नाही.

साठ हजारांबद्दल काकांनी समजावलं. पैसे देऊन पुस्तक काढण्यात गुन्हा काही नाही, पण काय विकत घेतोय हे माहीत हवं. लिखाणाचा स्वामित्वहक्क लेखकाकडे आपोआप असतो, त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आयएसबीएन, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो. त्याचे पैसे वेगळे लावले असतील तर कशाचे, हे विचारावं. आणि पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ही माहिती गुप्त नाही, कुठेही मिळते. तरी दोनशे पानांची कादंबरी लिहिणाऱ्या बाईंपर्यंत ती पोचली नव्हती, कारण सांगणारं माणूस ओळखीत नव्हतं.

गट फुटायची वेळ

वर्षभरात नाव झालं आणि माणसं वाढली. माडी पुरेना. कोणीतरी ध्वनिवर्धक आणला, मग स्वागत आलं, परिचय आला, पुष्पगुच्छ आले. प्रत्येकाला पाच मिनिटं. एकानं प्रत्येकी पाच हजार काढून प्रातिनिधिक संग्रह छापायची कल्पना मांडली आणि निम्म्या लोकांनी ती उचलून धरली. बाई दोन शनिवार आल्या नाहीत. वाहककाका कायमचे यायचे थांबले. त्यांच्या आठवणी अजून अर्धवट आहेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

काकांनी शांतपणे तोड काढली. ज्यांना कार्यक्रम हवा त्यांनी रविवारी सभागृहात करावा, मी ऐकायला येईन. शनिवारी या माडीवर सहाच माणसं. सातवा आला तर त्यानं पाच जण शोधून आपली माडी धरावी, पद्धत आम्ही सांगू. त्यातून दोन गट निघाले. कोथरूडचा चालू आहे. दुसरा बंद पडला.

या शहरात ही ओढाताण जुनी आहे. ११ मे १८७८ रोजी न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली हिराबागेत पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. १८८५ साली दुसरं भरायचं होतं तेव्हा रानड्यांच्या निमंत्रणाला जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला : सर्व माणसांचे हक्क जे उघडपणे मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. लेखकांचा समुदाय म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न पुण्यात तेव्हाच विचारला गेला, आणि बाईंना हसणाऱ्या खोलीत तो अजून शिल्लक होता. लहान वर्तुळांची परंपराही इथलीच. १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे अशी मोजकी माणसं, एकमेकांच्या कविता ऐकणारी. १९०६ साली स्थापन झालेल्या साहित्य परिषदेच्या सभागृहाला आज माधव जूलियन यांचंच, म्हणजे माधवराव पटवर्धनांचं, नाव आहे. सभागृह हवंच. त्यात उभं राहण्याआधी कोणाला तरी कोणाच्या तरी घरी नीट ऐकलं गेलेलं असावं लागतं.

सध्याची स्थिती

कादंबरी दोन प्रकरणांनी लहान झाली आहे आणि अनुदान योजनेकडे सादर झाली आहे. निकाल आलेला नाही. वहीत तिच्यासमोरचा रकाना मोकळा आहे. संवादांची भाषा बदललेली नाही. नांदेडची मुलगी परीक्षेचा नाद सोडून गावी परतली. तिच्या कविता फोनवर वाचल्या जातात, पण फोनवर ती कुठे हसते ते नीट कळत नाही. तिच्या जागी मार्केट यार्डातलाच एक हमाल येतो, बाईंनी आणलेला. त्यानं अजून काही लिहून आणलेलं नाही.

हे टिपण मी बाईंना वाचायला दिलं. त्यांनी एका ठिकाणी हरकत घेतली. “तुम्ही गटाला लई श्रेय दिलंय,” त्या म्हणाल्या. “वर्षभर वही काढली नाही ते खरं. पण काकांचा फोन आला त्याच रात्री मी रद्द पट्ट्यांच्या पाठीवर लिहायला बसले होते. तुमच्याकडं यायच्या आधी.” त्या पाठकोऱ्या पानांची गोष्ट त्यांनी आजवर आम्हाला सांगितली नव्हती. हरकत मान्य आहे आणि म्हणून इथे नोंदवली आहे. माझं मत मात्र मी बदललेलं नाही, कारण त्या रात्री त्यांना लिहायला बसवणारा फोनसुद्धा एका लक्षपूर्वक वाचणाऱ्या माणसाचाच होता. यावर आमचा वाद चालू आहे. काकांचं म्हणणं, आधी ती पाठकोरी पानं घेऊन या, मग ठरवू.